बोळ्याला लागलेला रंग

मी भिवंडीहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्यातल्या पुष्कळजणी मला बैठकांमधून ओळखतात. बैठकीत मी हप्ते, वह्या आणि ठराव यांच्याबद्दल बोलत असते. आज मात्र गिटारीबद्दल बोलणार आहे. हसू नका. गिटार आणि आपला काय संबंध, असं आमच्या गटालाही वाटलं होतं.

आमच्या तालुक्यात कशेळी-काल्हेरच्या रस्त्याने जा, दोन्ही बाजूंना फर्निचरची दुकानं लागतात. तिथल्या एका कारखान्याकडून आमच्या एका गटाला खुर्च्यांच्या घासाईचं काम मिळालं. घासाई म्हणजे पॉलिश पेपरने लाकूड गुळगुळीत करायचं. दिवसभर बसून, नाकातोंडात भुसा घेऊन करायचं काम, आणि दर नगाला इतका कमी की सांगायलाही नको वाटतं. त्याच खुर्च्यांना रंग आणि पॉलिश करणारा कारागीर मात्र आमच्या कितीतरी पट घ्यायचा. एक दिवस गटातल्या एक काकू म्हणाल्या, "लाकूड आम्ही तयार करायचं, आणि वरून हात फिरवणाऱ्याला पैसे जास्त. त्याच्या हातात आहे तरी काय?" मी शोध घेतला. त्याच्या हातात होती एक वही. कुठला रंग किती, कशात विरघळवायचा, वर कुठलं पॉलिश चालतं, एवढंच तिच्यात लिहिलेलं होतं. ती वही तो कुणाला दाखवत नव्हता.

मग आम्ही स्वतःच शिकायचं ठरवलं. फर्निचरची टाकाऊ फळकुटं आणली, बाजारातून रंगाच्या पुड्या आणल्या. गावच्या भजनी मंडळाची हार्मोनियमची पेटी आमचं पहिलं काम. ती बरी झाली. लगेच अंगावर मूठभर मांस चढलं, आणि तेवढ्यात ती गिटार आली.

आमच्याकडे हळदीला बेंजो पार्टी लागतेच, तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या एका पोराची ती गिटार. तो रात्रपाळीला गोदामात काम करतो आणि लग्नसराईत वाजवतो. जुनी गिटार त्याने विकत घेतली होती. वरचं पॉलिश खराब झालेलं म्हणून मोबाईलवर बघून त्याने ते स्वतःच घासून काढलं, आणि उघडं लाकूड घेऊन आमच्याकडे आला. त्याला मध्ये पिवळा, बाहेर लाल आणि अगदी कडेला काळपट तपकिरी असा रंग हवा होता. गिटारवाले त्याला सनबर्स्ट म्हणतात. आठव्या दिवशी त्याला एका हळदीत वाजवायचं होतं. आठशे रुपये ठरले. चारशे त्याने आगाऊ दिले.

आम्ही स्पिरिटमध्ये विरघळणारे रंग वापरले, कारण ते पटकन सुकतात. फडक्याने लावले. इतका सुंदर रंग चढला की सगळ्याजणी बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी वर लाखेचं पॉलिश मारायला घेतलं. लाखेचं पॉलिशसुद्धा स्पिरिटातलंच. कापसाचा बोळा पॉलिशमध्ये बुडवून कडेपासून मध्याकडे फिरवला, आणि आमची एक ताई ओरडली, "अगो, रंग सगला बोल्याला लागला!" खालचा लाल रंग उठून पिवळ्यात गेला होता. सनबर्स्ट राहिला बाजूला, गिटार गाजरासारखी दिसायला लागली. हाताशी पाच दिवस उरले होते, आणि आगाऊ घेतलेल्या पैशातून सामान आलेलं होतं.

आता त्याचं कारण सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. पहिल्या धुण्यात नवीन साडीचा रंग जातो, तेव्हा आपण काय म्हणतो? रंग कच्चा. लाकडावरचा रंग कच्चा नव्हता. तो ज्यात विरघळतो तीच गोष्ट आम्ही पुन्हा त्याच्यावर चोळली होती. स्पिरिटातला रंग स्पिरिटाने उठणारच. रंग पाण्यातला असेल, तर त्याच्यावर स्पिरिटाचं पॉलिश बेधडक चालतं, कारण पाण्यातला रंग स्पिरिटाने सहसा हलत नाही. स्पिरिटातला रंगच हवा असेल, तर वरचं पॉलिश बोळ्याने चोळायचं नाही, फवाऱ्याने हलकं मारायचं. कारागिराच्या वहीत हेच असणार. आम्हाला ते चारशे रुपयांत कळलं.

गटाची बैठक बसली. दोघी म्हणाल्या, पैसे परत करू आणि माफी मागू. पण पोराची गिटार बिघडलेली होती, पैशाने ती भरून येणार नव्हती. शेवटी पुन्हा करायचं ठरलं.

आधी स्पिरिटात भिजवलेल्या फडक्याने जमेल तेवढा रंग पुसून काढला. घासून काढायचा मोह झाला होता, पण थांबलो. बहुतेक स्वस्त गिटारींचा वरचा पत्रा अखंड लाकडाचा नसतो, प्लायवूडचा असतो. त्याच्यावरचा लाकडाचा थर कागदासारखा पातळ असतो. पोराने आधीच घासलेली गिटार आणखी घासली असती तर खालचा थर दिसला असता, आणि मग त्याला इलाज नाही. फर्निचरवर चालतं ते वाद्यावर चालत नाही, हे इथे लक्षात आलं.

मग पाण्यातले रंग आणले. पाव लिटर कोमट पाण्यात पाचेक ग्रॅम पुडी, अशा वेगवेगळ्या बाटल्या केल्या: पिवळा, लाल, तपकिरी, आणि थोडासा निळा. बोअरिंगचं पाणी घेऊ नका. त्यातल्या क्षारांनी रंग बदलतो किंवा खाली बसतो. बॅटरीत घालतात ते पाणी चांगलं. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको. काही लाकडांत टॅनिन असतं, त्याला लोखंड लागलं की काळे डाग पडतात.

गेरू किंवा पिवडी लाकडाला फासली तर काय होतं, ते आपल्याला सारवणातून माहीत आहे. त्याचे कण वर बसतात आणि खालचं झाकून टाकतात. विरघळणारा रंग आत मुरतो, आणि लाकडाच्या रेषा झाकल्या जाण्याऐवजी उलट उठून दिसतात. वाद्याला हाच रंग हवा.

मिसळायची रीत अशी. सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या आणि थेंब मोजून मिसळा. फिकट रंगाने सुरुवात करून गडद थेंबाथेंबाने वाढवा. पिवळ्यात लाल पडतो तेव्हा एक थेंबसुद्धा मोठा असतो, उलट लालमध्ये पिवळा ओतत बसलात तर बाटली संपते. आमच्या पुड्यांना दहा थेंब पिवळा आणि एक लाल, त्यात तपकिरीचा नुसता वास दाखवला, की मधासारखा रंग येतो. तुमच्या पुडीची ताकद वेगळी असेल, त्यामुळे हे प्रमाण पाठ करू नका, आपलं आपण शोधा. रंग फार नारिंगी झाला तर निळ्याचा थेंब त्याला दाबतो. फार लाल झाला तर हिरव्याचा. हे डोळ्याने बघून शिकायचं आहे. आमच्या गटातल्या दोघींना ते माझ्या आधी आलं, कारण त्या रांगोळीचे रंग घरी करतात.

प्रत्येक मिश्रण आधी फळकुटावर लावायचं, आणि ते फळकूट त्याच लाकडाचं असलं पाहिजे. सुकल्यावर रंग निस्तेज दिसतो, पांढुरका. घाबरून आणखी गडद करू नका. त्या तुकड्यावर पॉलिशचा एक हात मारा, मग खरा रंग दिसेल. ओला गहू आणि सुका गहू यांच्या रंगात जेवढा फरक असतो, तेवढाच इथे असतो. फळकुटाच्या मागे थेंबांचा आकडा आणि तारीख लिहा. आमच्या खोलीत आता अशा तुकड्यांची माळ टांगलेली आहे. गिऱ्हाईक आलं की बोट दाखवून सांगतं, मला हा हवा.

पाण्याच्या रंगाची एक खोड आहे. पाणी लागलं की लाकडाचे बारीक केस उभे राहतात. म्हणून आदल्या दिवशी नुसत्या ओल्या फडक्याने लाकूड पुसायचं, सुकू द्यायचं, उभे राहिलेले केस बारीक पेपरने हलकेच कापायचे, आणि मग रंग लावायचा. घासाई १२० नंबरपासून २२० पर्यंत, नेहमी रेषांच्या दिशेने. त्याहून फार बारीक घासलं तर लाकूड इतकं गुळगुळीत होतं की रंग धरत नाही.

आणि फेव्हिकॉलचा थेंब! भिवंडीच्या बायकांना हे चटकन कळेल. सायझिंगमधून आलेल्या सुताला खळ असते. ती काढल्याशिवाय कापड रंग नीट घेत नाही. गिटारीवर जोडाच्या कडेला सुकलेलं सरस किंवा फेव्हिकॉल राहिलं तर तिथे असाच पांढरा डाग उरतो. तो रंग लावल्यावरच दिसतो, म्हणून आधी ओलं फडकं फिरवून बघायचं. जिथे लाकूड ओलं होत नाही, तिथे सरस आहे.

यावेळी आम्ही आधी सगळीकडे पिवळा लावला. तो ओलसर असतानाच कडेने लाल घेतला आणि दमट फडक्याने मध्याकडे पुसत नेला, म्हणजे रेघ न पडता रंग विरत जातो. सगळ्यात शेवटी कडेला तपकिरी. तारा ज्या पट्टीवर दाबतात ती पट्टी आणि खालचा पूल आधीच मास्किंग टेपने झाकले होते. मग रात्रभर काही केलं नाही. हे काही न करणं आम्हाला सगळ्यात जड गेलं.

आता पॉलिश. आम्ही चपडा लाख वापरतो. ही लाख कुठून येते माहीत आहे? पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक किडा वस्ती करतो. त्याची मादी स्वतःभोवती जे कवच पाझरते ती लाख. एका किलोसाठी काही लाख किडे लागतात. झारखंडात ती सगळ्यात जास्त होते, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला होते. पूर्वी पायाला लावायच्या अळित्याचा लाल रंगही लाखेतूनच काढत. म्हणजे रंगही तिचा आणि चमकही तिची.

एक लिटर स्पिरिटात दीडशे ते अडीचशे ग्रॅम चपडा टाकून रात्रभर ठेवायचा, मग फडक्याने गाळायचा. लागेल तेवढाच करा. सहाएक महिन्यांनी तयार पॉलिश म्हातारं होतं, मग लावलं तरी ते कडक होत नाही, चिकट राहतं. शंका आली तर काचेवर एक थेंब टाकून बघा. बोळा म्हणजे आत कापूस आणि वर जुनं, खूप धुतलेलं मलमल. बोळा चालता असतानाच लाकडावर टेकवायचा आणि चालता असतानाच उचलायचा. थांबला की चिकटलाच. पातळ हात द्यायचे, मध्ये सुकू द्यायचं, पुन्हा द्यायचे. एका जाड हाताऐवजी दहा पातळ हात. गिटारीला तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिचा वरचा पत्रा थरथरतो तेव्हा आवाज निघतो. त्याच्यावर पॉलिशचा जाड थर बसवला तर ती अंगावर गोधडी घेऊन गायल्यासारखी वाजते.

आमची खोली मागांच्या मागच्या भिंतीला आहे. माग चालू असले की हवेत कापसाचं तूस तरंगत असतं आणि ओल्या पॉलिशवर येऊन बसतं. आता आम्ही मागाच्या बाजूची खिडकी लावतो, जमिनीवर पाणी शिंपडतो आणि तासभर थांबतो. शेवटचे हात तर माग बंद असतील त्या दिवशीच. पावसाळ्यात दुसरी पीडा. हवेतली ओल सुकत्या पॉलिशवर बसते आणि पांढरट धुकं आल्यासारखं दिसतं. तेव्हा दुपारी, उघडीप असताना काम करायचं. पांढरं आलंच तर कोरड्या दिवशी अगदी थोड्या स्पिरिटाचा बोळा हलकेच फिरवला की बहुधा जातं.

हे काम आपल्या महाराष्ट्रात नवं नाही. मिरजेची सतारमेकर गल्ली ऐकली असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, हत्यारांचं काम कमी झाल्यावर सतार-तंबोरे करायला घेतले. फरीदसाहेब शिकलगार यांचं नाव त्यात पहिलं घेतात. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड तुणीचं, वर लाखेचं पॉलिश. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तलवारीवरून तंबोऱ्यावर हात गेला, तर पापडावरून गिटारीवर का जाऊ नये, असं मी आमच्या बायकांना म्हणते. त्या म्हणतात, पापड सोडायला कोण तयार आहे?

रंगाविषयी एक गंमत सांगायची राहिली. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात लेस पॉल नावाच्या सनबर्स्ट गिटारी काढल्या. त्यातला लाल रंग उन्हात टिकणारा नव्हता. पुष्कळ गिटारींचा लाल उडून गेला आणि नुसता पिवळा राहिला. आज त्याच विटलेल्या गिटारी कोटीच्या घरात विकल्या जातात. पण आपल्या गिऱ्हाइकाला हे सांगून चालणार नाही. तुम्ही रंगवलेली पट्टी अर्धी कागदाने झाका, महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा, मग कागद काढून बघा. दोन अर्धांत फरक दिसला तर ती पुडी वाद्याला वापरू नका.

आणि व्हायोलिनवाला स्त्राडिवारी. त्याच्या वार्निशमध्ये काहीतरी गुपित आहे असं लोक दोनशे वर्षांहून जास्त काळ म्हणत होते. २००९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याच्या पाच वाद्यांचं वार्निश तपासून निष्कर्ष छापले. निघालं काय, तर साधं सुकणारं तेल, पाइनची राळ आणि ओळखीचे रंग. मला हे वाचून त्या काल्हेरच्या कारागिराची लपवलेली वही आठवली.

आता जरा कडक बोलते. स्पिरिटाची बाटली कुलपात ठेवा. हे रंगाच्या दुकानातलं स्पिरिट प्यायचं नसतं, त्यात विषारी मिथेनॉल असतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ज्या घरात पिणारं माणूस आहे त्या घरी आम्ही सामान ठेवत नाही, आणि हे त्या ताईला बैठकीत सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन सांगतो. चूल, गॅस आणि उदबत्तीसुद्धा खोलीत नको. अळशीचं तेल लावत असाल तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, काडी लावावी लागत नाही. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर मोकळी पसरा.

बाजारात जास्त चमकणारी पॉलिशं मिळतात. पीयूचं पॉलिश दोन डब्यांचं असतं. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो, आणि एकदा लागला की थोड्याशा वासानेही उठतो. फवाऱ्याने मारताना तर साधा मास्क काहीच कामाचा नाही. तोंडाला ओढणी बांधून वास अडत नाही, मैत्रिणींनो, भुसासुद्धा धड अडत नाही. आमच्या गटाने पीयूचं काम घ्यायचं नाही असा ठराव केला आहे. एकदा चांगली ऑर्डर त्यामुळे गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गटात तेव्हा एकीला सातवा महिना होता.

त्यामुळे कुठलंही जुनं वाद्य आलं की आधी त्याच्यावर काय आहे ते बघतो. लपलेल्या कोपऱ्यात स्पिरिटाचा थेंब लावायचा. चिकट झालं तर लाख. नाही झालं तर थिनरचा थेंब. त्याने मऊ झालं तर एनसी लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर पीयू किंवा तसलंच काही, तिथे आम्ही हात घालत नाही. आणि लाखेचं वाद्य परत देताना गिऱ्हाइकाला सांगतो की याच्यावर ओला ग्लास ठेवू नका, सॅनिटायझरचा हात लावू नका, उन्हात गाडीत ठेवू नका.

त्या पोराची गिटार सातव्या दिवशी संध्याकाळी झाली. पॉलिश पुरतं कडक व्हायला दोन आठवडे तरी हवेत, ते आम्ही त्याला खरं सांगितलं. हळदीला वाजव, पण पिशवीत कोंडून ठेवू नकोस. पहिल्यांदा काय झालं तेही सांगितलं. त्याने गिटार उजेडात फिरवून बघितली, कडेला एका ठिकाणी लाल जरा जास्त पुढे आला होता तिथे बोट ठेवलं, आणि उरलेले चारशे दिले. गटाला त्यात नफा शून्य. पण पुढच्या महिन्यात त्याच पार्टीतल्या दुसऱ्याने बेंजोची पेटी पाठवली, आणि तिचा दर काकूंनी स्वतः ठरवला. खुर्च्यांची घासाई अजून चालू आहे, मात्र आता निम्म्याच बायका ती करतात.

या आठवड्यात एका भजनी मंडळाची वीणा आली आहे. दिंडीच्या आधी द्यायची आहे. तिच्यावर आधी काय आहे ते उद्या थेंब लावून बघणार आहोत. कुणाला यायचं असेल तर दुपारी दोननंतर या. येताना घरातलं एखादं लाकडाचं फळकूट आणा, आणि अंगावर जुनी साडी असू द्या.